भांडण कुणाशी आणि सही कुणाची

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं, कोल्हापूरला. पुण्याहून १७ सीटर टेंपो ट्रॅव्हलर केलेली, पुढं पुरुष मंडळी, मागं बायका, मधे पोरं आणि खिडकीशी आमची आत्या, वय ७८, गाडी लागू नये म्हणून ओव्याची पुडी हातात घट्ट धरून. खंबाटकी ओलांडेपर्यंत गाण्याच्या भेंड्या चालल्या. साताऱ्याच्या पुढं भाच्यानं विषय काढला की मामा, आजकाल लग्न म्हणजे पोरांसाठी नुसता ट्रॅप आहे, आणि पुतणी, जी वकिली शिकतेय, ती म्हणाली ट्रॅप कुणासाठी रे नक्की, आणि तिथून जे सुरू झालं ते किणीचा टोलनाका आला तरी संपेना. त्यानं डिसेंबर २०२४ मधे बेंगळुरूत आत्महत्या केलेल्या इंजिनियरचं उदाहरण काढलं. तिनं मे २०२५ मधे पुण्यात जीव गेलेल्या त्या सुनेचं काढलं, जिच्या लग्नात ५१ तोळे सोनं आणि महागडी गाडी दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग त्यानं मेरठचा निळा ड्रम काढला, नवऱ्याला मारून ड्रममधे भरल्याची ती केस, आणि पुढच्या सीटवरचे दोघंतिघं हसले पण. कराड येईपर्यंत गाडीत मेलेल्या माणसांची रांग लागली होती आणि त्या माणसांबद्दल कुणीच बोलत नव्हतं, रमीत पानं टाकावीत तशी एकेक केस खाली पडत होती.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे कुणाचा गैरसमज नको. बायका विरुद्ध पुरुष अशी मॅच लावून स्त्रीवादावर भांडणं हा मूळ प्रश्नाला पळून जायला वाट करून देण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. दोघंही सारखेच चुकतात, जाऊ द्या, असलं मिळमिळीत काही मला म्हणायचं नाहीये, नुकसान बायकांचं जास्त होतं आणि ते आजचं नाही. पण भांडायचंय ज्याच्याशी ती एक वाटणी आहे, लग्नाच्या बोलणीत कुणी वाकायचं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, कमवायचं कुणी आणि उष्टं कुणी काढायचं याची. ही वाटणी टिकवायला बायका पण हातभार लावतात आणि तिच्याखाली पुरुष पण चेंगरतात. मॅच लावली की ती निवांत बाजूला बसून राहते आणि आपण एकमेकांचे स्कोअर मोजत बसतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मधे झाली. त्यात नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य वाटतं का हे विचारताना सात कारणं वाचून दाखवतात, न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासूसासऱ्यांचा मान ठेवला नाही वगैरे. देशभरात यातल्या एका तरी कारणाला हो म्हणणाऱ्या बायका साधारण ४५ टक्के निघाल्या आणि पुरुष ४४ टक्के. एकदा परत वाचा. आता सांगा, सीमारेषा नक्की कुठून आखायची? यावरून लगेच कुणी 'बाईच बाईची वैरीण' हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य काढू नका, कारण सासूची जी काही सत्ता असते ती मुलाच्या जोरावर असते, तिच्या स्वतःच्या नावावर बहुतेक वेळा घर नसतं, शेत नसतं, बँकेतलं खातं पण नवऱ्यासोबतचं. उधारीची सत्ता आहे ती, आणि उधारीची असली की माणूस ती जरा जास्तच जोरात वापरतो.

आता भाच्याच्या बाजूनं बोलतो, कारण त्याचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं ४९८अ हे कलम १९८३ मधे आलं. त्याचा गैरवापर होतो हे काही पुरुष संघटनांचं रडगाणं नाही, सुप्रीम कोर्टानं २००५ मधे असा गैरवापर म्हणजे कायदेशीर दहशतवाद होईल असं म्हटलेलं आहे, अर्थात त्याच निकालात कलम मात्र वैध ठरवलं हे कुणी सांगत नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात कोर्टानं पोलिसांना बजावलं की तक्रार आली म्हणून सरसकट उचलून आत टाकायचं नाही, आणि तिथंच आकडे दिले की या गुन्ह्यात आरोपपत्र ९३.६ टक्के केसेसमधे दाखल होतं आणि शिक्षा फक्त १५ टक्क्यांत होते. म्हाताऱ्या आईवडलांना, परगावी राहणाऱ्या नणंदेला आरोपी करणं हे होतं, मी माझ्या ओळखीत पाहिलंय, आणि ज्याच्यावर ही वेळ येते त्याला 'बायकांनी हजारो वर्षं सोसलं' हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याचा काय संबंध त्या हजार वर्षांशी? त्याला स्वतःचा जामीन हवाय.

पण १५ टक्क्यांना शिक्षा म्हणजे ८५ टक्के बायका खोट्या, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? केस सुरू होते, वर्षं जातात, मधे दोन्हीकडचे मामा बसून मिटवतात, सोनं परत मिळतं, घटस्फोट होतो आणि बाई कोर्टात जबाब फिरवते कारण ती तडजोडीची अटच असते. ज्याला आपल्याकडं 'मिटवून घेणं' म्हणतात ते कागदावर निर्दोष सुटका म्हणून येतं. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आणखी एक आकडा आहे, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांच्या आसपास बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीय, आणि हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांनी. म्हणजे खोट्या तक्रारी आहेत हे खरं आणि खऱ्या तक्रारींचा डोंगर पोलीस स्टेशनची पायरीसुद्धा चढत नाही हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण मॅचमधे दोन्ही टीम एकाच वेळी जिंकू शकत नाहीत ना, म्हणून एक सत्य बाहेर ठेवावं लागतं.

भाच्याचा दुसरा मुद्दा आत्महत्यांचा, आणि हा मला सगळ्यात जड वाटतो. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ मधे देशात १ लाख ७० हजारांवर लोकांनी आत्महत्या केल्या आणि त्यात ७० टक्क्यांहून जास्त पुरुष. हे ऐकून 'मग आम्ही काय करू' म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. मात्र हेच कोष्टक पुढं वाचावं. मरणाऱ्यांत साधारण चौथा हिस्सा रोजंदारीवरचे लोक आहेत. लग्नाशी संबंधित म्हणून वेगळी नोंद केलेली कारणं ५ टक्क्यांच्या आत आहेत. 'कौटुंबिक समस्या' असा एक मोठा मोघम रकाना आहे, जवळजवळ तिसरा हिस्सा, त्यात काय काय कोंबलंय देव जाणे, आणि त्यात बायकोशी भांडणं असणारच. पण यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या शेतकऱ्याला कुठल्या स्त्रीवादानं मारलं? त्याला मारलं कर्जानं, शेतमालाच्या भावानं, पावसानं, आणि 'तू घरातला कर्ता पुरुष, तू रडायचं नाहीस, तू कुणाला सांगायचं नाहीस' या नियमानं. आणि तो गेल्यावर बायको काय करते? एक लाखाच्या मदतीसाठी केस पात्र की अपात्र हे ठरण्याची वाट बघते, सावकार तिच्याकडं येतो पण जमीन सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर, पीककर्ज मागायला गेली तर सातबारा दाखवा म्हणतात. ज्या नियमानं त्याला एकट्याला मालक केलं त्याच नियमानं त्याला एकट्याला मारलं आणि तिला मोकळ्या हातानं मागं ठेवलं. यात पुरुषांचं दुःख आणि बायकांचं दुःख हे दोन वेगळे रकाने करायचे कसे मला कळत नाही.

हे शेतकरी नेते शरद जोशींना कळलं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरमधे नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांनी बायका आल्या होत्या, आणि पुढं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम आला, की शेतकऱ्यानं आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. भाव मागायला रस्त्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याला हा माणूस सांगत होता की तुझ्या बायकोच्या घामाचा भाव तू तरी देतोस का, आणि गावोगाव शेतकऱ्यांनी ते केलं. जोशींचं सगळंच पटतं असं नाही, खुल्या बाजाराबद्दल तर माझे पुष्कळ वाद आहेत, पण धोतर-पटक्यातल्या पुरुषांसमोर त्यांना न शिव्या घालता, न गोंजारता हे बोलता येतं हे त्यांनी दाखवलं.

आता पुतणीची बाजू. गाडीत ती एक वाक्य बोलली ते मला लागलं, की 'काका, तुम्ही दोन्हीकडचं ऐकून घेता म्हणजे तुम्ही तटस्थ नाही, तुम्हाला घाई नाही एवढंच.' खरं आहे. ज्याच्या पायाखाली निखारा नाही त्याला तोलून मापून बोलणं परवडतं. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, आणि मुळात घरकाम करणारे पुरुषच चारातला एक जेमतेम. जी बाई पाच तास भांडी, पोळ्या, म्हातारी माणसं करून परत आठ तास नोकरी करते तिनं चर्चेत गोड आवाजात बोलावं ही अपेक्षा करणारे आपण कोण? 'मुद्दा बरोबर आहे पण टोन चुकला' हे बायकांना सांगण्याची तर आपल्याकडं फार जुनी परंपरा आहे.

किती जुनी, तर १८८२ ची. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ मधे फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली, पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून एकूण बाईजातच कशी बिघडत चाललीय यावर रकाने भरू लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी तापून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यात गोड काहीच नाही. बायको मेली की लगेच दुसरी आणायला मोकळा असणारा पुरुष विधवेला कुठल्या तोंडानं धर्म शिकवतो, हे ती बाई अशा भाषेत विचारते की आजच्या कुठल्याही मीमवालीला घाम फुटावा. झालं काय? तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत सनातनी तर होतेच, सत्यशोधकांतलेही काही होते. आणि तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं? जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी आपल्याच लोकांना झापलं. त्यांनी ताराबाईंना 'बाई, जरा सबुरीनं' असं सांगितलं नाही. पुरुष म्हणून आपल्याला शिवी बसली असंही त्यांना वाटलं नाही, कारण ती शिवी कुणाला आहे हे त्यांना नीट कळत होतं.

पण, आणि इथं पुतणीशी माझं जमत नाही, ताराबाईंचा राग आंधळा नाही. बायकांवर जे जे दुर्गुण लादले होते ते एकेक घेऊन ती विचारते की हा पुरुषात नाही का, दाखवा. समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडून मग फोडते. 'सगळे पुरुष असेच' म्हणणारीला हे कष्ट नको असतात, आणि 'सगळ्या बायका पैशासाठी' म्हणणाऱ्याला तर नकोच नको. शिवाय सगळे पुरुष म्हणजे कोण? १९७२ मधे देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, आणि १९७९ मधे चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं त्यातूनच १९८३ मधे बलात्काराचा कायदा बदलला. त्या चारात दोन पुरुष होते. आणि मथुरेला न्याय न मिळण्याचं कारण ती बाई होती एवढंच नव्हतं, ती गरीब होती, आदिवासी होती, आणि चौकीतले वर्दीत होते. बाई या एकाच शब्दात हे सगळं मावत नाही.

याचा अर्थ पुरुषांनी मदत केली म्हणून बायकांनी आरती ओवाळावी असा अजिबात नाही. मुद्दा रेषेचा आहे. रखमाबाईंची केस घ्या. अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजी, १८८४ मधे बायको नांदायला पाठवा म्हणून कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मधे तिच्या बाजूनं निकाल दिला, १८८७ मधे फॅरन यांनी सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ती म्हणाली तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मधे २००० रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला. तिच्या मागं उभा होता तो सावत्र बाप, डॉक्टर सखाराम अर्जुन, त्या काळी! आणि पुण्यात काय चाललं होतं? टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. एका कॉलेजातले दोस्त, एकाच 'केसरी'चे, अशाच सुधारणेच्या प्रश्नांवरून फाटलं, १८८७ मधे आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, मग पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती काढणारे पुरुष आणि ज्याची काढली तो पण पुरुष. तेव्हाची आरोळी सुद्धा ऐकून बघा, घर मोडेल, बायका शेफारतील, नवऱ्याला कोर्टात ओढतील. टेंपो ट्रॅव्हलरमधे भाचा यापेक्षा नवीन काय बोलत होता? नंतर रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला दवाखाने चालवले. घरं काही मोडली नाहीत.

अलीकडचं एक सांगतो. १९९१ मधे मुंबईत एका पत्रकारानं पेपरात जाहिरात दिली, बायकांना मारू नये असं वाटणारे पुरुष हवेत अशा अर्थाची. २०५ पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातून १९९३ मधे 'मावा' (मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज) ही संघटना झाली आणि अजून कॉलेजांतल्या पोरांबरोबर काम करते. मुंबईएवढ्या शहरात २०५ म्हणजे काहीच नाही म्हणाल तर कबूल. पण ती जाहिरात येईपर्यंत त्या २०५ जणांना आपण कुठं उभं राहायचं हे कुणी विचारलंच नव्हतं.

पेठ नाक्याला चहाला थांबलो. भाचा नि पुतणी दोन वेगळ्या टेबलांवर. आत्या इतका वेळ गप्प होती, बशीत चहा ओतत म्हणाली, 'भांडा रे लेकरांनो. मला तर कुणी विचारलंच नाही, सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवलं.' पोरांना काही कळलं नाही. मला कळलं.

हक्कसोड, म्हणजे बापाच्या मिळकतीतला वाटा सोडल्याचा कागद. आजोबा १९९९ ला गेले, आणि १९५६ च्या कायद्यापासून बापाच्या हिश्श्यात मुलीचा वाटा आहे. पुढं महाराष्ट्रानं १९९४ मधे आणि केंद्रानं २००५ मधे मुलीला मुलाच्या बरोबरीनं आणून ठेवलं, २०२० मधे सुप्रीम कोर्टानं तर जन्मापासून हक्क म्हणून शिक्का मारला. आणि आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलाला विरोध करणारे तेव्हा काय म्हणत होते? भावाबहिणीत भांडणं लागतील. भांडणं लागली नाहीत कारण बहिणींनी सह्या केल्या. साडीचोळी, दिवाळीला चार दिवस माहेर आणि भाऊबीज, याच्या बदल्यात जमीन. जिनं नाही केली ती पैशाला हपापलेली ठरली, वहिनीनं तिला पाणी विचारणं बंद केलं. बायका-पुरुषांतलं वैर स्त्रीवादानं आणलं म्हणणाऱ्यांनी मला फक्त हे सांगावं की वाटा मागितल्यावर आटणारी माया आधी नक्की किती होती.

संध्याकाळी हॉलवर पोचलो. आम्ही मुलाकडचे. हॉल मुलीकडच्यांचा, जेवण त्यांचं, आमच्याकडच्या ४० जणांचा मानपानाचा आहेर त्यांचा, दारात नवी गाडी फुलं लावून उभी, 'त्यांनी हौसेनं दिली'. मुलीचे वडील, साखर कारखान्यात क्लार्क होते, गेल्या वर्षी रिटायर झाले, शेवटची पंगत उठेपर्यंत हात जोडून उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. पुरुषांवरच्या अन्यायावर दोन तास बोललेल्या भाच्याला हा पुरुष दिसला नाही, तो गाडीसोबत फोटो काढत होता. पुतणीनं पण करवलीचं पाकीट घेतलं. आणि मी? मी श्रीखंड घेतलं दोनदा.

परतीच्या गाडीत सगळे झोपले होते. मी जागा होतो. आत्यानं सोडलेल्या त्या सव्वा एकरातले १० गुंठे रस्त्यालगत होते, ते २०११ मधे विकले, त्यात माझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट निघालं. उरलेलं अजून बाबांच्या आणि माझ्या नावावर आहे. बाबा ८२ चे आहेत, एकदा मोघम विषय काढला तर म्हणाले, 'तिला काय कमी आहे, कशाला उकरतोस.' गणपतीत गावी जाणार आहे तेव्हा परत काढणार आहे. त्या दिवशी तालुक्याला रजिस्ट्रार ऑफिसात सही कुठं करायची ते बोटानं दाखवणारे बाबा होते, आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड धरून शेजारी मी उभा होतो, वय २२, बीए झालेलो.